सकाळी संगणक उशिरा का उघडतो?

कोल्हापुरातल्या एखाद्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत सकाळी काउंटर उघडण्याच्या वेळी काय दिसते? बाहेर हातात पासबुक घेतलेली माणसे उभी असतात. आत कर्मचारी जागेवर बसलेले असतात. त्यांनी संगणक सुरू केलेला असतो, आपले नाव आणि पासवर्डही टाकलेला असतो. पण पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरत असते आणि खाली 'थांबा' अशा अर्थाची एक ओळ असते. रांगेतला माणूस घड्याळाकडे बघतो, कर्मचारी पडद्याकडे बघतो, आणि 'सर्व्हर स्लो आहे' एवढे एकच उत्तर दोघांच्याही पदरात पडते.

शाळेच्या संगणक कक्षात हे नुकसान आणखी स्पष्ट मोजता येते. समजा, तासिका ३५ मिनिटांची आहे आणि संगणक कामाला तयार होण्यात ४ मिनिटे जातात. आठवड्याला २ तासिका आणि वर्षात ३५ आठवडे धरले, तर ४ × २ × ३५ म्हणजे २८० मिनिटे होतात. म्हणजे प्रत्येक वर्गाच्या ८ तासिका फिरणारे वर्तुळ बघण्यात गेल्या! या ८ तासिकांत मुलांना बरेच काही शिकवता आले असते.

संगणक जुना झाला, आता नवा घ्या, असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. कधी कधी तो बरोबरही असतो. पण पुष्कळदा नवा संगणक आणूनही वर्तुळ तितकाच वेळ फिरत राहते, कारण खोळंबा संगणकात नसून त्याला दिलेल्या सूचनांत असतो. या सूचना म्हणजे काय, त्या कुठून येतात आणि त्यांच्यामुळे वेळ का लागतो, हे या लेखात पाहू या.

पासवर्ड टाकल्यानंतर काय घडते?

घरातला एकटा संगणक पासवर्ड स्वतःच तपासतो आणि आपले दार उघडतो. कार्यालयातले संगणक मात्र एका जाळ्याने जोडलेले असतात, आणि 'कोण खरा, कोण खोटा' हे ठरवण्याचे काम एका मध्यवर्ती संगणकाकडे सोपवलेले असते. विंडोजच्या व्यवस्थेत या मध्यवर्ती संगणकाला डोमेन कंट्रोलर म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी 'मुख्य सर्व्हर' म्हणू. आत येण्याच्या या क्रियेला लॉगऑन म्हणतात.

लॉगऑनमध्ये पुढील पायऱ्या एकापाठोपाठ एक होतात. पहिली, मुख्य सर्व्हर कुठे आहे याचा शोध. दुसरी, नाव आणि पासवर्ड यांची तपासणी. तिसरी, त्या व्यक्तीचे प्रोफाइल, म्हणजे तिची मांडणी, आवडीनिवडी आणि फाइली आणणे. चौथी, त्या व्यक्तीला लागू असलेले नियम वाचून अमलात आणणे. पाचवी, सामाईक फोल्डर आणि प्रिंटर जोडणे. एवढे झाले की मग आपल्याला पडद्यावर चित्रे दिसतात.

यातली पासवर्ड तपासण्याची पायरी बहुधा क्षणार्धात संपते. म्हणजे ज्याला आपण 'पासवर्ड घ्यायला वेळ लागतो' असे म्हणतो, तो वेळ प्रत्यक्षात पासवर्डचा नसतोच. तो इतर चार पायऱ्यांचा असतो.

नियमांची वही

चौथ्या पायरीतले नियम म्हणजे ग्रुप पॉलिसी. मराठीत आपण त्यांना 'गट-धोरणे' किंवा नुसती 'धोरणे' म्हणू. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये याचे साधे रूप होते. २००० साली विंडोज २००० आले तेव्हा आजची ग्रुप पॉलिसी तयार झाली, आणि तिचा मूळ सांगाडा अजून तोच आहे.

यामागची कल्पना चांगली आहे. कक्षात ४० संगणक आहेत. विद्यार्थ्यांनी संगणकाची घडण बदलू नये, प्रत्येक यंत्राला कक्षातला प्रिंटर जोडलेला असावा, दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडदा कुलूपबंद व्हावा, अशा सूचना ४० यंत्रांवर एकेक करून देत बसण्यापेक्षा सर्व्हरवरच्या एका वहीत लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक यंत्राने त्या स्वतः वाचाव्यात, हे सोयीचे आहे.

या वहीचे दोन भाग असतात. एक भाग यंत्रासाठी असतो. तो संगणक सुरू होताना वाचला जातो. दुसरा भाग माणसासाठी असतो. तो लॉगऑनच्या वेळी वाचला जातो. म्हणून आपण आधी 'संगणक सुरू व्हायला वेळ लागतो की लॉगऑन व्हायला?' हा प्रश्न विचारला पाहिजे. उत्तरावरून कोणता भाग तपासायचा ते ठरते.

नियम वाचण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी यंत्राचे स्वतःचे, मग त्या ठिकाणाचे, मग संपूर्ण संस्थेचे आणि शेवटी त्या विभागाचे. दोन नियमांत विरोध आला तर शेवटी वाचलेला नियम टिकतो. शासनाचे परिपत्रक मुख्याध्यापकांना बदलता येत नाही. इथे नेमके उलट आहे. जवळच्या विभागाचा शब्द अखेरचा असतो. वरच्या नियमावर 'सक्तीचा' असा शिक्का मारलेला असेल तरच तो टिकून राहतो.

वजनकाट्यावरची रांग

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग आपण पाहिलेली असते. भरलेली गाडी वजनकाट्यावर येते, वजन होते, ऊस उतरवला जातो, रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन होते आणि मग पावती मिळते. पुढची गाडी सरकल्याशिवाय मागची पुढे येऊ शकत नाही. यात काही कामे खरोखरच एकापाठोपाठ एक करावी लागतात. रिकाम्या गाडीचे वजन ऊस उतरवण्याआधी करून चालणार नाही. पण बैलांना पाणी पाजण्यासाठी काट्यावरची रांग अडवून ठेवण्याचे कारण नाही. ते काम बाजूला, रांग चालू असतानाही होऊ शकते.

धोरणे अमलात आणण्याच्याही अशाच दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सर्व नियम लागू होईपर्यंत माणसाला पडदा दाखवलाच जात नाही. विंडोज २००० मध्ये ही पद्धत होती. दुसऱ्या पद्धतीत पडदा आधी दाखवला जातो आणि उरलेले नियम मागे चालू राहतात. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ही दुसरी पद्धत आपोआप वापरली जाते.

मग तरीही लोक का खोळंबतात? याची मुख्य कारणे दोन. एक म्हणजे 'संगणक सुरू होताना आणि लॉगऑन करताना नेहमी नेटवर्कची वाट पाहा' अशा अर्थाचे एक धोरण असते. कधीतरी, काही अडचणीवर उपाय म्हणून, कोणीतरी ते चालू केलेले असते. अडचण संपते, धोरण तसेच राहते. दुसरे म्हणजे काही नियम स्वभावतःच थांबायला लावणारे असतात. नवीन सॉफ्टवेअर बसवणे किंवा माणसाची फोल्डर यंत्रावरून सर्व्हरवर हलवणे ही कामे माणूस मध्येच काम करू लागला तर बिघडतील. म्हणून त्यांच्यासाठी संगणक पहिल्याच पद्धतीवर जातो. ती बैलांना पाणी पाजण्यासारखी नसून वजन करण्यासारखी आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. धोरणांची संख्या जास्त म्हणजे वेळ जास्त, असे सरसकट नसते. 'हे बटण दाखवू नका', 'तो रंग ठेवा' अशा साध्या नोंदी शेकड्यांनी असल्या तरी पटकन लिहून होतात. शिवाय प्रत्येक धोरणाला आवृत्तीचा क्रमांक असतो. मागच्या वेळी वाचलेला क्रमांक आणि आजचा क्रमांक सारखाच असला, तर संगणक बहुतेक नियम पुन्हा लागू करत बसत नाही. शंभर हलक्या नियमांपेक्षा एक जड नियम जास्त वेळ खातो. आपल्याला तो एक शोधायचा आहे.

पाइपची रुंदी आणि हेलपाटे

जड नियम म्हणजे काय ते आता आकड्यांत पाहू. अनेक ठिकाणी 'फिरते प्रोफाइल' वापरतात. कर्मचारी कोणत्याही यंत्रावर बसला तरी त्याच्या सगळ्या वस्तू तिथे याव्यात म्हणून लॉगऑनच्या वेळी त्याचे प्रोफाइल सर्व्हरवरून यंत्रावर आणले जाते आणि जाताना परत ठेवले जाते.

समजा, एकाचे प्रोफाइल २०० मेगाबाइट आहे. १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून हे १,६०० मेगाबिट झाले. जाळ्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असेल तर एका माणसाला १६ सेकंद पुरतात. ठीक आहे. पण सकाळी २० जण एकाच वेळी आले तर? सर्व्हरकडून येणारी तार एकच आहे. आता ३२,००० मेगाबिट न्यायचे आहेत. म्हणजे ३२० सेकंद, ५ मिनिटे आणि २० सेकंद! दुपारी एकट्याने लॉगऑन केले तर सगळे सुरळीत आणि सकाळी मात्र रडकथा, याचे कोडे इथे सुटते. दुरुस्तीला आलेला माणूस दुपारी येतो आणि 'मला तर काही अडचण दिसत नाही' म्हणून निघून जातो. दोघेही खरे बोलत असतात.

यावर एक उपाय म्हणजे तार रुंद करणे. सेकंदाला १,००० मेगाबिटच्या जाळ्यावर हेच काम ३२ सेकंदांत होईल, अर्थात सर्व्हरची डिस्क तितकी वेगवान असेल तर. दुसरा उपाय फुकट आहे. कागदपत्रांची फोल्डर प्रोफाइलमधून काढून कायमची सर्व्हरवर ठेवावी आणि यंत्रावर तिचा फक्त पत्ता द्यावा. मग माणूस जी फाइल उघडेल तेवढीच फाइल तारेवरून येते. पहिल्या दिवशी फाइली हलवायला वेळ लागतो, पण पुढे रोजचा भार जातो.

पण प्रत्येक वेळी रुंदीच आड येते असे नाही. विहिरीवरून घागरीने पाणी आणताना घागर मोठी केली तर फेऱ्या कमी होतात. पण प्रत्येक फेरीत वाटीभरच पाणी आणायचे ठरवले असेल, तर घागर कितीही मोठी असून काय उपयोग? मग फेरीला लागणारा वेळ महत्त्वाचा ठरतो. संगणक धोरणे वाचताना असेच लहान लहान प्रश्न विचारतो. ही फाइल आहे का? हिची आवृत्ती कोणती? मला ती वाचायचा अधिकार आहे का? प्रत्येक प्रश्न जातो, उत्तर येते, मग पुढचा प्रश्न जातो.

समजा, चंदगडच्या शाखेतला संगणक मुंबईतल्या सर्व्हरला असे ६०० प्रश्न विचारतो आणि प्रत्येक हेलपाट्याला ५० मिलिसेकंद लागतात. ६०० × ५० म्हणजे ३०,००० मिलिसेकंद, म्हणजे ३० सेकंद. हाच सर्व्हर त्याच इमारतीत असेल आणि हेलपाटा १ मिलिसेकंदाचा असेल, तर सगळे मिळून १ सेकंदापेक्षाही कमी वेळ लागेल. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ४०० किलोमीटर जायला त्याला अवघे २ मिलिसेकंद लागतात. उरलेला वेळ वाटेतल्या यंत्रांवर थांबत थांबत जाण्यात जातो. जोडणीचा वेग दुप्पट करण्यासाठी पैसे भरूनही अशा ठिकाणी लॉगऑन फारसे सुधारत नाही, कारण आपण घागर मोठी केली, वाट लहान केली नाही.

कधी कधी शेजारी सर्व्हर असूनही संगणक लांबच्या सर्व्हरकडे जातो. कोणता भाग कोणत्या ठिकाणी आहे याची नोंद मुख्य सर्व्हरवर करावी लागते. नवी शाखा उघडली, तिला नवे पत्ते दिले, पण ही नोंद करायची राहिली, तर त्या शाखेतल्या संगणकाला आपल्या जवळ कोण आहे हेच कळत नाही. तो मिळेल त्या सर्व्हरचे दार ठोठावतो. ही नोंद करायला पाच मिनिटे पुरतात.

वारणेचा धडा

तारेवरून किती न्यावे, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरात केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत संगणक बसवून ते जोडायचे, आणि शेतकऱ्याला ऊस, खते, बाजारभाव अशी माहिती गावातच द्यायची, अशी ती योजना होती. देशात इंटरनेट नुकतेच सर्वांसाठी खुले झाले होते, त्या काळातली ही मोठी झेप होती.

पुढे संशोधकांनी पाहिले तेव्हा गावातल्या संगणकांचा खरा उपयोग मुख्यतः ऊस आणि कारखाना यांच्या व्यवहारापुरता होत असल्याचे दिसले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात त्यांनी ७ गावांतल्या ८ महिन्यांच्या प्रयोगाचे वर्णन केले आहे. त्यात संगणकाचे काम साध्या मोबाइल फोनच्या लघुसंदेशांवर आणले होते. शेतकऱ्याला जी माहिती हवी होती ती एका संदेशात मावत होती.

आता गणित करून पाहा. एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. त्या काळच्या टेलिफोन मोडेमचा वरचा वेग सेकंदाला ५६ किलोबिट होता. १४० बाइट म्हणजे १,१२० बिट, ते त्या तारेवरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जातील. आपले वर उल्लेखिलेले २०० मेगाबाइटचे प्रोफाइल त्याच तारेवरून न्यायला मात्र जवळजवळ ८ तास लागतील. तार तीच आहे, फरक आपण तिच्यावर काय लादतो यात आहे. तार आता हजारो पटींनी रुंद झाली, पण 'या माणसाला आत्ता, या क्षणी नेमके काय हवे आहे?' हा प्रश्न तसाच महत्त्वाचा राहिला.

विंडोजलाही या प्रश्नाची जाणीव करून दिलेली आहे. जोडणीचा वेग सेकंदाला ५०० किलोबिटपेक्षा कमी आढळला, तर सॉफ्टवेअर बसवण्यासारखी जड कामे ते आपोआप वगळते.

'नाही' लवकर येते, शांतता वेळ खाते

वर्गात हजेरी घेताना 'गैरहजर' असे कोणी पटकन सांगितले की शिक्षक पुढच्या नावाकडे वळतात. कोणीच काही बोलले नाही तर पुन्हा नाव पुकारतात, मान वर करून बघतात, थोडे थांबतात. गैरहजर विद्यार्थी हजर विद्यार्थ्यापेक्षा जास्त वेळ घेतो!

जाळ्यातही असेच होते. सर्व्हरने 'अशी वस्तू इथे नाही' असे सांगितले तर संगणक लगेच पुढे सरकतो. पण काहीच उत्तर आले नाही, तर संदेश वाटेत हरवला असेल असे समजून तो पुन्हा विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. ठरलेली मुदत संपल्यावरच तो नाद सोडतो. लॉगऑनमधला सर्वांत मोठा उशीर बहुधा अशा शांततेत लपलेला असतो. तिच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे पत्त्यांची वही. नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. मुख्य सर्व्हरचा पत्ता फक्त संस्थेच्या आतल्या डीएनएसला ठाऊक असतो. पण इंटरनेट जोडून देणारा माणूस संगणकात इंटरनेट कंपनीच्या डीएनएसचा पत्ता घालून जातो. त्याचे काम होते, इंटरनेट चालू होते. दुसऱ्या दिवसापासून लॉगऑन मंदावते, कारण संगणक आपल्या घरातल्या माणसाचा पत्ता परक्या गावच्या पोस्टमनला विचारत असतो. यावर उपाय असा : प्रत्येक संगणकाला आतल्याच डीएनएसचा पत्ता द्यावा, आणि बाहेरच्या नावांसाठी आतल्या डीएनएसने बाहेर विचारावे.

दुसरी जागा म्हणजे गेलेला सर्व्हर. तीन वर्षांपूर्वी बदललेल्या सर्व्हरच्या नावाने एक सामाईक फोल्डर आणि मोडीत काढलेला एक प्रिंटर अजून धोरणात असतो. रोज सकाळी प्रत्येक संगणक त्यांना हाक मारतो आणि वाट बघतो.

तिसरी जागा म्हणजे लॉगऑनच्या वेळी चालणारी छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट. ती मध्येच अडकली, किंवा माणसाला न दिसणाऱ्या एखाद्या चौकटीत उत्तराची वाट पाहत बसली, तर विंडोज तिच्यासाठी साधारणपणे ६०० सेकंदांपर्यंत थांबते. म्हणजे १० मिनिटे! पुढे विंडोज ८.१ मध्ये लॉगऑनची स्क्रिप्ट माणूस आत आल्यानंतर ५ मिनिटांनी चालवावी अशी व्यवस्था केली गेली, यावरून हा त्रास किती सार्वत्रिक होता ते कळते.

बरगे काढायला विसरू नका

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या परिचयाचा आहे. पावसाळा संपला की त्याच्या खांबांमध्ये बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. बरगे घालणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर काढणेही. न काढलेले बरगे पुढच्या पुराला अडथळा होतात.

धोरणांच्या बाबतीत पहिले काम सगळे करतात, दुसरे कोणी करत नाही. एका परीक्षेपुरता घातलेला निर्बंध, एका जुन्या प्रिंटरसाठी केलेली सोय, बदली झालेल्या अधिकाऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट, सगळे तिथेच साठत जाते. म्हणून वर्षातून एकदा, शाळेच्या बाबतीत उन्हाळ्याच्या सुट्टीत, प्रत्येक धोरणाला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी आणि कशासाठी केले? ते कारण अजून आहे का? हे बंद केले तर कोणाचे काम अडेल? उत्तर मिळाले नाही तर ते धोरण पुसू नये. आधी त्याची प्रत ठेवावी, मग ते नुसते बंद करून पंधरा दिवस वाट पाहावी.

या पाहणीत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. काही धोरणांना अट जोडलेली असते, जसे 'अमुक प्रकारचे यंत्र असेल तरच लागू करा'. ही अट तपासण्यासाठी संगणकाला स्वतःची झडती घ्यावी लागते. यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर बसवले आहे हे विचारणारी एक प्रचलित पद्धत तर उत्तर देण्याआधी बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची घडण तपासत बसते. अशा अटीऐवजी यंत्रांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळे धोरण द्यावे.

दुसरी गोष्ट संगणक कक्षाची. तिथे माणूस कोणीही बसो, नियम कक्षाचेच चालावेत, अशी सोय विंडोजमध्ये आहे. तिच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत माणसाचे नियमही वाचले जातात आणि त्यांवर कक्षाचे नियम लावले जातात. दुसरीत माणसाचे नियम बाजूला ठेवून फक्त कक्षाचेच वाचले जातात. शाळेच्या कक्षाला बहुधा दुसरी तऱ्हा पुरते आणि तिला कमी वाचावे लागते.

आधी मोजा, मग दुरुस्त करा

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. संगणकाची नाडी पाहण्याची साधने विंडोजमध्येच आहेत, त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या नोंदवहीत ग्रुप पॉलिसीचे स्वतंत्र पान असते. त्यात ८००१ क्रमांकाच्या नोंदीत लॉगऑनच्या वेळी माणसाची धोरणे लागू करायला किती सेकंद लागले ते लिहिलेले असते. ८००० क्रमांकाची नोंद यंत्राच्या धोरणांची असते. ५०१६ क्रमांकाच्या नोंदी आणखी खोलात जातात. स्क्रिप्ट, फोल्डर, प्रिंटर अशा प्रत्येक शाखेला किती मिलिसेकंद लागले ते त्या सांगतात. कोणती धोरणे लागू झाली याची संपूर्ण यादी हवी असेल तर 'जीपीरिझल्ट' ही आज्ञा द्यावी.

समजा, लॉगऑनला एकूण १२० सेकंद लागले आणि ८००१ ची नोंद ६ सेकंद दाखवते. मग धोरणांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रोफाइल, जुनी फिरती डिस्क, विषाणूरोधक सॉफ्टवेअर किंवा सुरुवातीलाच उघडणारे कार्यक्रम तपासावेत. याउलट ती नोंद १०० सेकंद दाखवत असेल आणि त्यातले ९० प्रिंटरच्या शाखेने घेतले असतील, तर चोर सापडला.

एक सोपी चाचणीही आहे. विंडोज अलीकडे येऊन गेलेल्या माणसांची ओळख यंत्रावर जपून ठेवते, त्यामुळे नेटवर्कची तार काढूनही त्यांना लॉगऑन करता येते. तार काढल्यावर काम झटपट झाले आणि तार लावल्यावर रेंगाळले, तर दोष जाळ्याच्या किंवा धोरणांच्या बाजूला आहे असे समजावे.

किती सैल सोडायचे?

इतके वाचल्यावर एखाद्याला वाटेल, सगळी धोरणेच काढून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. हा मोह टाळला पाहिजे. पडदा आपोआप कुलूपबंद करणारा नियम गेला, तर जेवायला उठलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून कोणीही व्यवहार करू शकेल. सुरक्षेच्या सुधारणा लावणारा नियम गेला, तर एका पेन ड्राइव्हमधला विषाणू सगळा कक्ष बंद पाडील.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लॉगऑनला पाच मिनिटे लागू लागली की लोक आपले मार्ग काढतात. सकाळी एकाच्या नावाने संगणक उघडतात आणि दिवसभर सगळे त्यावरच काम करतात. मग कोणी काय केले याचा माग उरत नाही. विद्यार्थ्यांचे गुण कोणी बदलले, ग्राहकाची नोंद कोणी पुसली, हे सांगता येत नाही, आणि ठपका ज्याच्या नावाने संगणक उघडा होता त्याच्यावर येतो. म्हणजे फार संथ झालेली सुरक्षा ही सुरक्षाच राहत नाही. लॉगऑन वेगवान करणे ही चैन नव्हे, नियम पाळले जावेत यासाठीची ती अट आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

हा विषय आठवी-नववीच्या मुलांना प्रयोगातून छान समजतो. साहित्य एवढेच : संगणक कक्ष, दोन-तीन घड्याळे आणि आलेख कागद.

पहिल्या दिवशी एकाच संगणकावर लॉगऑन करून लागलेला वेळ सेकंदांत लिहावा. मग एकाच वेळी ५, १० आणि २० संगणकांवर करून प्रत्येकाचा वेळ नोंदवावा आणि सरासरी काढावी. प्रत्येक मापन तीनदा करावे. आडव्या अक्षावर संगणकांची संख्या आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन आलेख काढावा. आलेख जवळजवळ सपाट आला तर उशीर प्रत्येक यंत्राचा स्वतःचा आहे किंवा सगळेच कोणत्या तरी शांततेची वाट पाहत आहेत. आलेख चढता आला तर सगळे एका तारेसाठी किंवा एका सर्व्हरसाठी रांगेत उभे आहेत.

नंतर कक्षाची व्यवस्था पाहणाऱ्या शिक्षकांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आज जुना प्रिंटर काढावा आणि पुन्हा मोजावे. उद्या स्क्रिप्ट बंद करावी आणि पुन्हा मोजावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे सांगता येणार नाही. 'इतर सर्व घटक कायम ठेवून' हे शब्द मुले पाठ्यपुस्तकात वाचतात. त्यांचा अर्थ इथे त्यांना हाताने कळतो.

शेवटी मुलांना एक प्रश्न घालावा. लॉगऑन झाल्यावरही संगणक दिवसभर धोरणे पुन्हा पुन्हा वाचतो, सर्वसाधारणपणे दर ९० मिनिटांनी. पण त्या ९० मिनिटांत तो ० ते ३० मिनिटांपर्यंतचा कोणताही एक यादृच्छिक आकडा मिळवतो. ही भर मुद्दाम का घातली असेल? वजनकाट्यावरची रांग ज्याने पाहिली आहे, त्या मुलाला उत्तर द्यायला वेळ लागणार नाही.